लफ्ज समजले, बात पटली नाही

माझ्या कपाटात दोन पानांची एक झेरॉक्स आहे. कडा पिवळ्या पडल्यात, मधे घडीवर फाटलीय. बीएड करून नोकरीला लागले, त्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी एका शिक्षक प्रशिक्षणात ती मिळाली होती. मथळा होता 'अभ्यासातले तीन अडथळे'. खाली कुणाचं नाव नव्हतं आणि आम्हीही विचारलं नाही. प्रशिक्षणात फुकट मिळालेल्या कागदाची वंशावळ कोण विचारतो?

तीन अडथळे असे. पहिला, ज्या वस्तूबद्दल शिकतोय ती वस्तूच समोर नाही. मग मूल कंटाळतं, डोकं दुखतं म्हणतं. उपाय म्हणजे वस्तू दाखवा, नाहीतर मातीत करून दाखवा. दुसरा, पायरी फार उंच; खालची पक्की न होता वरची चढायला लावली की मूल गोंधळतं. तिसरा सगळ्यात मोठा. न समजलेला शब्द तसाच ओलांडून मूल पुढे जातं, आणि तिथून पुढचं सगळं पान त्याला कोरं वाटायला लागतं. जांभया येतात. उपाय असा की मागे फिरा, तो शब्द शोधा, कोशात बघा, त्याची चार वाक्यं करा, मग पुढे चला.

उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवणाऱ्या बाईला हा तिसरा अडथळा कुणी समजावून सांगायला नको. माझ्या मुलांची फसगत अनोळखी शब्दांपेक्षा ओळखीच्या शब्दांनी जास्त होते. 'तालीम' म्हणजे त्यांच्या घरी शिक्षण. मराठीच्या पुस्तकात ती पैलवानांची निघते. टीव्हीवरच्या हिंदीत 'शिक्षा' म्हणजे पढाई, मराठीत छडी. उर्दूत राजीनामा म्हणजे दोघांचं राजी होणं, समझोता. मराठीत राजीनामा दिला म्हणजे माणूस नोकरी सोडून घरी बसला. 'खुलासा' लिहा म्हटलं की अर्धा वर्ग सारांश लिहितो, कारण उर्दूत खुलासा तोच. एका मुलाने लिहिलं होतं, 'मंत्र्यांनी राजीनामा दिला म्हणून सगळे खूश झाले, भांडण मिटलं.' मी मार्क कापले आणि स्टाफरूममध्ये जाऊन पोट धरून हसले. बिचाऱ्याचं काय चुकलं होतं?

तर त्या झेरॉक्सवरून मी वर्गात नियम केला. शब्द अडला की थांबायचं, हात वर करायचा, कोश उघडायचा. दोन जुने कोश टेबलावर असायचे. फरक पडला. उगाच नाही सांगत, खरंच पडला. जी मुलं मराठीच्या तासाला मान खाली घालून बसायची ती शब्दांवरून भांडायला लागली. वर्षानुवर्षं मी ही पद्धत वापरली, नव्या शिक्षकांना शिकवली, झेरॉक्सच्या झेरॉक्स वाटल्या.

मग आठवीच्या एका मुलीने मला अडवलं. आम्ही एक गोष्ट वाचत होतो. गोष्टीतली सून सासरचा सगळा जाच मुकाट सोसते आणि लेखक शेवटी तिला आदर्श म्हणतो. ही मुलगी वही बंद करून बसली. मी माझ्या सवयीने विचारलं, "कोणता शब्द अडला?" ती म्हणाली, "लफ्ज तो सब समझ में आए टीचर, बात नहीं पटी."

झेरॉक्समध्ये याच्यावर उपाय नव्हता. पानं उलटून पाहिली मी, खरोखर.

कागदाची वंशावळ कळली ती कोविडच्या टाळेबंदीत. ऑनलाइन तासासाठी काहीतरी शोधताना तेच तीन अडथळे, त्याच क्रमाने, इंग्रजीत समोर आले. त्यांचा कर्ता होता एल. रॉन हबर्ड, म्हणजे सायंटॉलॉजी या अमेरिकेतल्या पंथाचा संस्थापक. विज्ञानकथा लिहिणारा माणूस. 1950 साली त्याचं 'डायनेटिक्स' हे पुस्तक आलं आणि पुढे त्यातून पंथ उभा राहिला. 1964 साली इंग्लंडमधल्या सेंट हिलला त्याने अभ्यास कसा करावा यावर व्याख्यानं दिली. माझी झेरॉक्स ही त्यांची पणती. त्याचं म्हणणं असं, की माणूस शिक्षण अर्ध्यावर सोडतो त्याचं एकच कारण असतं, न समजलेला शब्द. आता हा स्वतः 1930 साली जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठात अभियांत्रिकीला दाखल झाला आणि दोन वर्षांनी पदवी न घेताच बाहेर पडला. त्याला कोणता शब्द अडला होता, हे विचारायचा मोह मला आवरत नाही.

खूप वेळ अंगावर काटा होता. मी इतकी वर्षं मुलांना काय पाजलं? मग शांत झाले. कोश उघडा, हे काही कुणा पंथाच्या मालकीचं नाही. पण या पद्धतीवर आख्ख्या शाळा चालतात असं कळल्यावर मात्र उत्सुकता वाढली. तिथून निघालेली मुलं पुढे कॉलेजात काय करत असतील?

1972 साली निघालेली 'अप्लाइड स्कॉलॅस्टिक्स' ही संस्था ही पद्धत शाळांना वापरायला देते. आमचं शिक्षण धर्मनिरपेक्ष आहे, आम्ही धर्म शिकवत नाही, असं ती सांगते. यातली सगळ्यात नावाजलेली शाळा म्हणजे ऑरेगन राज्यात शेरिडन गावाजवळच्या टेकडीवरची डेल्फियन. इमारत पूर्वी जेझुइट पाद्र्यांच्या प्रशिक्षणाची होती, म्हणजे भिंतींना धर्माची सवय जुनीच. तिथे वयाप्रमाणे इयत्ता नाही, 'फॉर्म' आहेत. मुलाच्या हातात कामांची यादी असते, एकेक काम पूर्ण झालं की पुढचं. शिक्षक फळ्यापुढे उभा राहून तास घेत नाही, मुलं आपापल्या गतीने शिकतात, कोश हाताशी, माती हाताशी. पूर्ण आल्याशिवाय पुढे जायचं नाही. साठ मुलांचा वर्ग सांभाळणाऱ्या बाईला हे वाचून हेवा वाटला, कबूल करते.

तिथली मुलं विद्यापीठांत जातात. शाळा त्या विद्यापीठांची नावं अभिमानाने सांगते. पण ही महागडी निवासी शाळा आहे, आणि जो बाप एवढी फी भरू शकतो त्याचं मूल कोणत्याही शाळेतून कॉलेजात गेलंच असतं, असं माझ्यातल्या मास्तरणीला वाटतं. काही जण जातच नाहीत आणि तरी त्यांचं बरं होतं. 'अर्थलिंक' ही इंटरनेट कंपनी 1994 साली काढणारा स्काय डेटन डेल्फियनचाच. सोळाव्या वर्षी शाळा संपवली, पदवीच्या वाटेला गेला नाही. आणि काहींना कॉलेज दिसतच नाही. पंथाचे प्रमुख डेव्हिड मिस्कॅविज यांची पुतणी जेना मिस्कॅविज हिल हिने 2013 साली 'बियाँड बिलीफ' या पुस्तकात आपलं बालपण लिहिलं. तिचे आईवडील पंथाच्या 'सी ऑर्ग' या सेवेकऱ्यांच्या संघटनेत होते. कॅलिफोर्नियातल्या एका रँचवर इतर सेवेकऱ्यांच्या मुलांबरोबर ती वाढली, दगड वाहण्यासारखी अंगमेहनतीची कामं केली, सातव्या वर्षी एक अब्ज वर्षांच्या सेवेचा करार सही केला. पंथाने तिचे आरोप नाकारले आहेत. पण डेल्फियनची मुलं आणि रँचवरची मुलं यांना एकाच यादीत घालून 'यांचं पुढे कसं झालं' असं विचारणंच मला चुकीचं वाटतं.

माझं मन अडकतं ते डेल्फियनच्या हुशार मुलापाशी. त्याला कोश बघता येतो, एकट्याने काम करता येतं. विद्यापीठात त्याला पहिला धक्का घड्याळाचा बसत असणार. सत्र संपलं की संपलं, तुझं पूर्ण आलं की नाही यासाठी कुणी थांबत नाही. त्यातून तो सावरेल. दुसरा धक्का जास्त खोल. तिथला प्राध्यापक विचारतो, हा लेखक कुठे चुकतोय? आणि या मुलाला शिकवलेलं असतं की पुस्तक पटत नसेल तर तू मागे कुठेतरी शब्द सोडलास. म्हणजे चूक कायम वाचणाऱ्याची. पुस्तकाची कधीच नाही. पंथाच्या आतल्या शिक्षणाबद्दल तर हबर्डने 7 फेब्रुवारी 1965 ला लेखी आदेशच काढला होता, की आपली पद्धत बरोबर आहे, ती जशीच्या तशी वापरा, कुणी बदल करायचा नाही. मानसोपचार शास्त्राशी या पंथाचं उघड वैर आहे. 1969 साली त्यासाठी वेगळी संघटनासुद्धा काढली. अशा घरातली एखादी मुलगी पहिल्या वर्षाला मानसशास्त्र घेत असेल, तर तिथे कोशातल्या कुठल्या शब्दाने तिचं काम भागेल?

हे सगळं मी लांबच्या लोकांबद्दल लिहिते आहे असं नाही. हाच प्रश्न मला आयुष्यभर आमच्याबद्दल विचारला गेलाय. "मॅडम, तुमच्या मदरशातली मुलं पुढे काय करतात हो?" 2013 साली महाराष्ट्र सरकारने मदरशांत गणित, विज्ञान, मराठी शिकवायला डॉ. झाकीर हुसेन यांच्या नावाची योजना आणली. 2015 साली त्याच राज्यात, हे विषय न शिकवणाऱ्या मदरशांतली मुलं शाळाबाह्य धरायची ठरली आणि मोठा वाद झाला. अलीगढ विद्यापीठाने मदरशातून येणाऱ्यांसाठी 2013 मध्ये ब्रिज कोर्स सुरू केला. आमच्या आलिमांच्या अभ्यासात मतभेदाला जागा आहे, हेही मी लोकांना सांगते. चार इमामांची चार मतं, जुन्या किताबांच्या चारी कडांना टीकाकारांची बारीक अक्षरात चाललेली हुज्जत. पण हिफ्ज करणारं दहा वर्षांचं मूल त्या हुज्जतीपर्यंत पोचत नाही. आणि उगाच कुणाकडे बोट कशाला दाखवू, मीसुद्धा बीएडची परीक्षा गाईड पाठ करूनच दिली. पियाजे काय म्हणाला ते आजही धडाधड सांगेन. तो चुकला असेल का, हे मला कुणी विचारलं नव्हतं.

माझा भाचा हाफिज आहे. नवव्या वर्षी बसला, बाराव्या वर्षी कुरआन पाठ. मग आमच्या शाळेत आला, धडपडत दहावी, मग बारावी, आणि यंदा बीएच्या पहिल्या वर्षाला. घराण्यातला कॉलेजात गेलेला पहिला हाफिज. दोन महिन्यांपूर्वी त्याचा रात्री फोन. "खाला, मैं छोड़ देता. दुकान पे बैठता."

त्यांना लोकहितवादींवर प्रकल्प होता. 1848 पासून 'प्रभाकर'मध्ये छापून आलेली शतपत्रं, त्यातली काही वाचून लिहायचं. याने सुंदर अक्षरात चार पानं सारांश लिहिला. दहापैकी तीन मार्क, आणि खाली लाल पेनाने, 'यात तू कुठे आहेस?' त्याला तो प्रश्नच कळला नव्हता. "मी कुठे असणार खाला? किताब तर त्यांची आहे."

मी म्हटलं, पत्रं वाचून मनात काय आलं ते सांग. बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला की लोकहितवादी भटजींना नावं ठेवतात, वेद पाठ करतात पण अर्थ कळत नाही म्हणून. "वो पढ़के मुझे लगा, ये तो मेरे को बोल रहे. मेरे को भी माने नहीं आते, खाला. पण ते म्हणतात तसं फुकट नाही ते. तीन साल फज्र के पहले उठा मैं. रमजानमध्ये तरावीहला मागे चारशे माणसं उभी असतात, एक जेर-जबर चुकली तर मागून लगेच लुकमा मिळतो. ते कुठे कळणार त्यांना?"

"हे लिहिलंस?"

"हे कसं लिहायचं? इतने बड़े आदमी. कोर्स की किताब है."

मी त्याला हजारदा विचारलं असेल, कोणता शब्द अडला बेटा? शाळेत माझ्याच वर्गात होता तो तीन वर्षं. बात पटली का, हे मी त्याला एकदाही विचारलं नव्हतं. आठवीतल्या त्या मुलीनंतरसुद्धा नाही.

सरांनी पुन्हा लिहायची मुभा दिली. भले गृहस्थ दिसतात. मी त्याला सांगितलं, जे फोनवर बोललास तेच उतरव, अर्धं त्यांचं खरं असेल तर तेही लिही. पंधरा दिवस काही कळलं नाही. माझ्या बहिणीचा मात्र फोन आला, जरा रागातच, की पोरगा हल्ली घरात प्रत्येक गोष्टीवर 'क्यों' विचारतो, हे तू काय शिकवलंस? मी म्हटलं, मी कुठे, कॉलेजने.

गेल्या जुम्याला दुपारी मेसेज आला. प्रकल्पाची दोन पानं फोटो काढून पाठवली होती, खाडाखोड भरपूर. सुंदर अक्षर कुठे गेलं देव जाणे. खाली व्हॉइस नोट. "खाला, एक लफ्ज अटक गया. लोकहितवादी पाठांतरच म्हणतात ना? मी पण पाठांतर लिहू का घोकंपट्टी? हिफ्ज का माने तो हिफाजत करना होता, संभालना. ते मराठीत कसं लिहू?"

मोल्सवर्थ काढून बसले होते, तेवढ्यात असरची अजान झाली. अजून त्याला उत्तर दिलेलं नाही.