पान क्रमांक नसलेला पुरावा

चळवळीतले मित्र आम्हाला विचारतात, "मोर्चे सोडून झेरॉक्सवाल्यासारखे आकडे काय टाकत बसता?" उत्तर महाडमध्येच आहे. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब चवदार तळ्याचे पाणी प्याले. डिसेंबरात महाडच्या दिवाणी न्यायालयात दावा लागला, प्रतिवादी क्रमांक एक बाबासाहेब. तो महाड, ठाणे करत मुंबई उच्च न्यायालयात १७ मार्च १९३७ ला निकाली निघाला. पाणी प्यायला एक दिवस, तो हक्क कोर्टात टिकवायला दहा वर्षे! तळे नगरपालिकेचे आहे आणि अस्पृश्यांना मनाई करणारी अनादी वहिवाट शाबीत झालेली नाही, असे न्यायालय म्हणाले. निकाल पुराव्यावर लागला, कुणाच्या दयेवर नाही.

आमचे काम त्यामानाने बारीक. महाड-पोलादपूरच्या वाड्यांतून महार वतनाच्या जमिनींचे कागद स्कॅन करायचे. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगार वतने गेली, काहींना जमिनी रिग्रँट झाल्या, काहींचे घोंगडे अजून भिजतेच आहे. जुलै २०२१ च्या पुरात महाड बुडाले आणि पेट्यांतले कागद चिखलात गेले, तेव्हा उरलेले लोकांनी आपणहून आमच्याकडे आणले.

पहिल्या वर्षी आम्ही मोबाईलवर फोटो काढले आणि मोबाईलने दिलेली नावे तशीच ठेवली. सुनावणीत वकिलांनी विचारले, फेरफाराची मागची बाजू कुठे? होती. चारशे फोटोंत कुठेतरी होती. सापडली नाही, पुढची तारीख पडली. पोलादपूरच्या आजी एसटीत शेवटपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. चूक आमची होती.

आता मूळ कागदावर काही लिहीत नाही, पाकिटावर लिहितो. फाईलच्या नावात गाव, गट नंबर, कागदाचा प्रकार, वर्ष, पान. मागची बाजू कोरी असली तरी तिलाही क्रमांक. वकिलांना दिलेला क्रमांक बदलायचा नाही, नवा कागद निघाला तर १२-अ. आमचा क्रमांक आणि कोर्टाची निशाणी वहीत समोरासमोर. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे, त्याच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात फाईलची हॅश व्हॅल्यू लिहावी लागते. तेव्हा उजेड वाढवणे, कडा कापणे, जे काय करायचे ते प्रतीवर. मूळ स्कॅनला हात नाही.

एका पोराने फाईलला 'जमीन लाटल्याचा फेरफार' असे नाव दिले होते. राग खरा होता. पण लेबलवर फक्त 'फेरफार', वाद युक्तिवादात.

त्याहून अवघड नावांचे. जुन्या दप्तरात आपल्या माणसाला 'नाग्या' लिहिलेले, नातवाच्या दाखल्यावर 'नागोजी'. लिहिणाऱ्याची ती तुच्छता आज वारस ठरवताना आडवी येते. पोरे म्हणतात, सुधारून लिहू. नाही. लेबलवर कागदात आहे तेच, वहीत शेजारी नागोजी, आणि दोघे एकच हे सांगणारे प्रतिज्ञापत्र तिसऱ्या पानावर.

आजींची पुढची तारीख सोमवारी आहे. मागची बाजू आता पान दोन आहे.