माय फलाटावर राहिली

आम्ही मोताळ्याची माणसे. आमच्या तालुक्याच्या गावाला रेल्वे नाही; गाडी धरायची तर एस.टी.ने मलकापूर गाठावे लागते. नागपूरला मेट्रो रेल्वे मार्च २०१९ मध्ये सुरू झाली, हे आम्ही वर्तमानपत्रातून वाचले होते. ११ डिसेंबर २०२२ पासून ती नागपूरच्या मोठ्या रेल्वे स्टेशनालाही जोडली गेली, हेही ठाऊक होते. पण वाचणे वेगळे आणि बसणे वेगळे, हे परवाच्या प्रवासात कळले.

निमित्त आमच्या मायचे होते. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला ती अनेकदा नागपूरला गेली. पण त्या गर्दीत तिला स्तूप मन भरून पाहता आला नाही. "माणसांच्या पाठीच पायल्या," असे ती म्हणते. म्हणून साधा दिवस निवडून आम्ही, पत्नी, मुलगी आणि माय असे चौघे निघालो. मलकापूरहून रात्रीची गाडी धरली आणि सकाळी नागपूरला उतरलो.

स्टेशनाला लागूनच मेट्रोचे स्थानक आहे. नोकरीने आम्ही कारकून. कागद वाचणे हा आमचा धंदाच. खिडकीजवळचा नकाशा पाच मिनिटांत समजून घेतला. नागपुरात मेट्रोच्या दोन वाटा आहेत. एक नारिंगी, उत्तरेच्या ऑटोमोटिव्ह चौकापासून दक्षिणेला खापरीपर्यंत. दुसरी निळसर, पूर्वेच्या प्रजापती नगरपासून पश्चिमेला लोकमान्य नगरपर्यंत. दोन्ही सीताबर्डीला भेटतात. दीक्षाभूमीला जायचे तर निळसर वाटेने सीताबर्डी, तेथे गाडी बदलून नारिंगी वाटेने काँग्रेस नगर, मग राहाटे कॉलनी. तेथून पुढे पायी जाता येते किंवा ऑटो करावा.

तिकिटाच्या कागदावर काळ्या ठिपक्यांची चौकट असते. ती यंत्रासमोर धरली की फाटक उघडते. मायने दोनदा हात मागे घेतला. "झाकलं तं अंगावर यीन," म्हणाली. मुलीने हात धरून तिला आत नेले. पहिली गाडी बिनघोर झाली. खिडकीतून खाली पळणारे नागपूर पाहून माय हरखली होती.

सीताबर्डीला मात्र आमची अक्कल उघडी पडली. दुसऱ्या गाडीचा फलाट वेगळ्या मजल्यावर. आम्ही पुढारी, दोन्ही हातांत पिशव्या घेऊन "चला, चला" करीत निघालो. गाडी आली, दारे उघडली. आम्ही चढलो, मागोमाग मुलगी आणि पत्नी. माय दारापाशी थबकली. फलाट आणि डबा यांच्यामधली फट ती वाकून पाहत होती. तेवढ्यात इशाऱ्याचा आवाज झाला आणि दार लागले. माय बाहेर, आम्ही आत.

एस.टी.चा कंडक्टर "राहिलं का कोणी?" असे विचारून घंटी मारतो. मेट्रोचे दार आपोआप लागते. काचेतून मायचा चेहरा दिसला आणि मागे गेला. तिला अक्षर येत नाही, तिच्याजवळ फोन नाही, आमचा नंबर लिहिलेली चिठ्ठीसुद्धा नाही. आम्ही दार ठोकू लागलो. शेजारच्या कॉलेजच्या पोराने हात धरला. "काका, दाराला हात लावू नका. पुढच्या स्टेशनला उतरा आणि परतीची गाडी धरा. आजी तिथेच असतील." सभेत आम्ही दोनशे माणसांना सूचना देतो, त्या दिवशी वीस वर्षांच्या पोराने आम्हाला दिली.

काँग्रेस नगरला उतरलो. फाटकाबाहेर न पडता पलीकडच्या फलाटावर गेलो. परतीच्या गाडीची ती काही मिनिटे आम्हाला फार जड गेली. मुलगी रडत होती, पत्नी बोलत नव्हती.

सीताबर्डीला येऊन पाहतो तर माय बाकावर बसलेली. शेजारी झाडलोट करणारी एक बाई उभी. आम्ही काही बोलण्याआधीच माय म्हणाली, "घाबरलास काय रे? मले ठाऊक व्हतं तू येशीन. म्हून जागा नाई सोडली."

मग आम्हाला आठवले. लहानपणी नागपूरच्या गर्दीत नेताना याच मायने आमच्या सदऱ्याच्या खिशात नावगावाची चिठ्ठी घातली होती. ती चिठ्ठी तिने शेजारच्या मास्तरांकडून लिहून घेतली होती. आणि बजावले होते, "चुकला तं जागा सोडू नको. शोधनारा मीच हाओ." अक्षर न येणाऱ्या बाईने केवढी तयारी केली होती! आम्ही बी.कॉम. झालेलो, आणि तिच्यासाठी एक चिठ्ठी लिहिली नाही.

मेक्सिको शहरात १९६९ साली मेट्रो सुरू झाली, तेव्हा प्रत्येक स्थानकाला नावाबरोबर एक चित्र दिले गेले. वाचता न येणाऱ्या माणसालाही आपले ठिकाण ओळखता यावे, असा त्यामागे विचार होता. आपल्याकडे घोषणा मराठीत होते, वाटांना रंग आहेत. पण रंगाचा अर्थ कोणीतरी सांगावा लागतो. ते काम घरच्या जाणत्या माणसाचे.

दीक्षाभूमीवर माय तासभर शांत बसली. त्या दिवशी तिला स्तूप पोटभर पाहता आला. परत येताना मुलीने तिला रंग दाखवले आणि स्थानके बोटांवर मोजायला शिकवली. राहाटे कॉलनीहून एक काँग्रेस नगर, दोन सीताबर्डी. फाटकावर या वेळी तिने स्वतः तिकीट धरले.

हे सर्व सांगण्याचा हेतू एवढाच की आपली माणसे आता दवाखान्यासाठी, पोरांच्या शिक्षणासाठी मोठ्या शहरात जातात. मुंबई, पुणे, नागपूर, सगळीकडे मेट्रो झाली आहे. घरून निघतानाच म्हाताऱ्यांच्या आणि लेकरांच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी घाला. कोणी मागे राहिले तर त्याने जागा सोडायची नाही आणि पुढे गेलेल्यांनी पुढच्याच स्थानकावर उतरून परत यायचे, हे आधीच ठरवा. लागत्या दारात हात घालू नका. तिकीट जपून ठेवा. बाहेर पडताना तेच लागते. अडले तर तिथल्या कर्मचाऱ्याला विचारा, त्यात कमीपणा नाही.

आणि ज्याला वाट ठाऊक आहे त्याने सर्वांत शेवटी चढावे. सीताबर्डीला परतीची गाडी आली तेव्हा आम्ही सवयीने पुढे झालो. मायने पाठीवर हात ठेवून थांबवले. "तू मांगून ये," म्हणाली आणि नातीचा हात धरून चढली. आम्ही मागून चढलो.