नामपल्लीतले सेहेचाळीस दिवस

गेल्या महिन्यात पणजीला एका दुकानात व्हॅक्यूम क्लीनर बघायला गेलो होतो. घरात आता केरसुणीला वाकणारं कोणी उरलेलं नाही, म्हणून. काउंटरवर तीन कंपन्यांची तीन यंत्रं शेजारी शेजारी उभी होती. तीच दांडी, तोच पारदर्शक डबा, पिस्तुलासारखी तीच मूठ. नावं झाकली असती तर कुठलं कोणाचं हे मला सांगता आलं नसतं. किमतीत मात्र तिप्पट-चौपट फरक. मी कारण विचारलं तेव्हा तो विशी-बाविशीचा मुलगा हसून म्हणाला, "सर, आतून सगळं एकच असतं."

हे वाक्य ऐकून मला क्षणभर काही सुचेना. कारण ते वाक्य माझं होतं. 2009 साली हैदराबादला, नामपल्लीच्या नुमाइशीत, ते मी दिवसातून शंभरदा म्हणत होतो.

नुमाइश आपल्याकडच्या कित्येकांनी पाहिलेली नसेल. दर वर्षी 1 जानेवारीला सुरू होते आणि 15 फेब्रुवारीला संपते. म्हणजे सेहेचाळीस दिवसांची जत्रा! काश्मिरी शाली, लखनौचं चिकन, सुका मेवा, मिरची भजी, मुलांची आगगाडी आणि हजारोंनी माणसं. 1938 साली पब्लिक गार्डनमध्ये ती पहिल्यांदा भरली, 1946 पासून नामपल्लीच्या मैदानावर आली. तिचं मूळ नाव 'नुमाइश मस्नुआत-ए-मुल्की', म्हणजे आपल्या मुलखात तयार झालेल्या मालाचं प्रदर्शन. हा अर्थ मला तेव्हा माहीत नव्हता. माहीत असता तर आमच्या स्टॉलकडे बघून हसू आलं असतं.

फोंड्याला पदवी घेऊन मी वर्षभर घरी बसलो होतो. ओळखीच्या एकाने हैदराबादला बोलावलं. राहायला खोली, जेवण, आणि विकलेल्या प्रत्येक नगामागे कमिशन. यंत्रावर कोणती तरी इंग्रजी अक्षरं होती, ती मी इथे देत नाही. त्या नावाला काही अर्थही नव्हता. अर्थ होता तो यंत्राच्या रूपाला. करडा-पिवळा रंग, पारदर्शक डबा आणि डब्याच्या मधोमध एक शंकू. ज्यांची मुलं अमेरिकेत होती त्या हैदराबादकरांना हे रूप लांबूनच ओळखू येई.

ते रूप डायसनचं. जेम्स डायसन या इंग्रजाला 1978च्या सुमारास आपल्या घरातल्या यंत्राचा राग आला. पिशवीची छिद्रं धुळीने बुजली की ओढ कमी व्हायची. लाकडाच्या गिरणीत भुसा वेगळा काढायला मोठा शंकू लावतात. हवा त्यात गरगर फिरते, भुसा बाहेरच्या बाजूला फेकला जाऊन खाली पडतो आणि हवा वरून निघून जाते. तेच त्याने घरगुती यंत्रात बसवायचं ठरवलं. त्यासाठी 5127 नमुने केले. जुन्या कंपन्यांनी त्याला दारातूनच परत पाठवलं, कारण पिशव्या विकण्यातच त्यांची कमाई होती. शेवटी 1993 साली त्याने स्वतःचं यंत्र बाजारात आणलं. डबा पारदर्शक नको, घाण कोणाला बघायची असते, असं दुकानदार म्हणत होते. त्याने तो तसाच ठेवला आणि लोकांना नेमकं तेच आवडलं.

मग नकला सुरू झाल्या. त्याला नाकारणाऱ्यांतल्याच हूवरने 1999 साली आपलं चक्रीवादळवालं यंत्र काढलं. डायसन कोर्टात गेला आणि 2000 साली जिंकला. पुढे व्हॅक्स नावाच्या कंपनीवर त्याने बाह्यरूपाच्या नकलेचा दावा लावला, तो मात्र 2011 साली अपिलातही हरला. दोन्ही यंत्रं बघणाऱ्याच्या मनावर वेगळा ठसा उमटवतात, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं. आतल्या युक्तीला पेटंट आणि बाहेरच्या रूपाला डिझाइनची नोंदणी, अशी कायद्याची ही दोन कुलपं वेगवेगळी आहेत. आपल्याकडेही तसंच आहे. पेटंट वीस वर्षांचं. डिझाइन 2000च्या कायद्याखाली दहा वर्षं, वाढवून पंधरा. मुदत संपली की ती युक्ती सगळ्यांची. मला हे योग्यच वाटतं. नाहीतर गरिबाच्या घरी कुठलीच वस्तू पोचली नसती.

आमच्या स्टॉलवर मला दोन दिवसांत धंदा शिकवला. नळी आणि तोंड यांच्यामध्ये काळ्या कापडाचा तुकडा अडकवायचा. गादीवर यंत्र दहा सेकंद फिरवायचं. कापड काढून गिऱ्हाइकापुढे धरायचं. त्यावर पांढुरक्या धुळीचा गोल उठलेला असतो. "यावर तुमची मुलं झोपतात, अम्मा!" बाई हबकतेच. ही युक्ती दारोदार फिरणाऱ्या विक्रेत्यांची, जुनी. आपल्याकडे 1982 साली युरेका फोर्ब्स निघाली आणि टाय लावलेला माणूस घरात येऊन यंत्र चालवून दाखवू लागला, तेव्हापासून मध्यमवर्गाला ती ओळखीची झाली. त्यात खोटं काही नाही. फक्त त्या कापडावरून गादीत धूळ आहे एवढंच सिद्ध होतं. यंत्र चांगलं आहे हे सिद्ध होत नाही. मोटर असलेलं कुठलंही यंत्र तो गोल काढून दाखवील.

दुसरं शस्त्र म्हणजे वॅट. फलकावर ठळक अक्षरांत '1600 वॅट'. मोठा आकडा म्हणजे मोठी ताकद, असं गिऱ्हाईक समजतं. खरं तर मोटर वीज किती खाते त्याचा तो आकडा. नवरा किती भाकऱ्या खातो यावरून तो किती काम करतो हे ठरवण्यासारखंच! युरोपने पुढे 2014 साली 1600 आणि 2017 साली 900 वॅटची मर्यादा घातली. तिथली यंत्रावरची गुणपत्रिकाही 2018 साली न्यायालयाने रद्द केली. यंत्र रिकाम्या डब्याने तपासत होते, आणि घरात ते भरलेलं असतं, ही डायसनची तक्रार होती. हे वाचताना मला आमचा स्टॉल आठवला. आमचंही यंत्र रोज संध्याकाळी धुऊन-पुसून, रिकाम्या डब्यानेच उभं असे.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात एक आजी आल्या. नऊवारी नव्हे, साधी गोल साडी, हातात कापडी पिशवी. बरोबर सात-आठ वर्षांचा नातू, छातीत बारीक शीळ वाजणारा. मी हिंदीत सुरुवात केली, तर त्या नातवाला मराठीत दटावत होत्या. मी मराठीवर आलो.

"कुठला रे तू बाळा?"

"गोव्याचा, आजी. फोंड्याचा."

"म्हणजे मंगेशीजवळचा की! मग खरं सांगशील. माझ्या लेकीकडे न्यूजर्सीला अस्संच आहे. तिथे याला रात्रीची धाप लागली नाही. हे नुसतं दिसतंय तसं, की आतनंही तसलंच आहे?"

मी म्हटलं, "आतून सगळं एकच असतं, आजी. नावाचे पैसे घेतात ते."

त्यांनी पिशवीतून नोटा काढून दोनदा मोजल्या. चार हजार दोनशे. गॅरंटी कार्डावर मी त्यांचा काचीगुड्याचा पत्ता लिहून घेतला. नातवाने खोका दोन्ही हातांनी धरला होता.

पंधराला नुमाइश संपली. सोळाला माल बांधताना एक यंत्र पडून डबा फुटला, तेव्हा मी पहिल्यांदा आत पाहिलं. तो शंकू प्लास्टिकची पोकळ टोपी होती. हवा त्यातून जायला वाटच नव्हती. हवा बाजूने सरळ वर, एका पातळ स्पंजातून मोटरीकडे आणि मागच्या जाळीतून पुन्हा खोलीत जात होती. जाड केर डब्यात राहणार, आणि छातीत जाणारी बारीक धूळ मागून उडणार. खरा हेपा फिल्टर 0.3 मायक्रॉनचे 99.97 टक्के कण धरतो. तो तिथे नव्हताच. केरसुणीने उडालेली धूळ निदान दिसते तरी.

कार्डाचा गठ्ठा समोर होता. काचीगुडा नामपल्लीहून काही लांब नाही, रिक्षाने जाऊन येता आलं असतं. मी मालकाला विचारलं. तो म्हणाला, "तू काय पैसे परत देणार आहेस?" माझ्या खिशात तेवढे पैसे होते, कमिशनचे. त्याच रात्रीच्या बसने मी गावी आलो.

पुढे कधीतरी वाचलं, की हातात धरून चालवायचं पहिलं चांगलं विजेचं यंत्र ज्याने केलं तो जेम्स स्पँगलर अमेरिकेतल्या एका दुकानातला झाडूवाला होता. गालिचे झाडून त्याचा दमा वाढायचा. म्हणून त्याने पंख्याची मोटर, झाडूची दांडी आणि उशीचा अभ्रा जोडून यंत्र केलं. 1908 साली पेटंट मिळालं, ते हूवरने विकत घेतलं. म्हणजे ही वस्तू जन्मालाच आली ती एका धापेपोटी. त्या पोराचीही धापच होती.

नकलेबद्दल आता माझा राग नाही. डायसनने गिरणीची नक्कल केली, हूवरने डायसनची. कोणी आतली युक्ती उचलून ती स्वस्तात देत असेल, आणि मुदत संपलेली असेल, तर त्याला मी चोर म्हणणार नाही. पण आम्ही युक्ती उचललीच नव्हती. आम्ही फक्त तोंडवळा उचलला होता, आणि आत जे नव्हतं ते माझ्या मराठीने भरून काढलं. आजींनी यंत्रावर विश्वास ठेवलाच नव्हता. तो मंगेशीजवळच्या मुलावर ठेवला होता.

असो. पणजीच्या त्या मुलाला मी म्हटलं, "तिन्ही उघडून दाखव. फिल्टर काढ. हवा मागून कुठून निघते ते बघू." तो गोंधळला. असं कोणी विचारत नाही, म्हणाला. मग त्याने एकेक डबा उघडला. स्वस्तातल्या एकाचा फिल्टर चांगला जाड आणि घट्ट बसणारा निघाला, दुसऱ्याच्या फटीतून बोट आत जात होतं. ते पाहून तो मुलगाच जास्त चकित झाला.

"सर, तुम्ही या धंद्यात आहात काय?"

"होतो," मी म्हटलं. "सेहेचाळीस दिवस."