चाळीसच्या वेगानं कुंभार्ली

कराडहून चिपळूणला जायला किती वेळ लागतो? कुणालाही विचारा, "अडीच-तीन तास" असंच उत्तर मिळेल. १९९४ सालच्या गणपतीत आम्हाला मात्र साडेचार तास लागले. आणि गंमत म्हणजे गाडी बिघडली म्हणून नव्हे, तर दुरुस्त झाली म्हणून!

आमची गाडी होती प्रीमियर पद्मिनी. पण तिला पद्मिनी कोण म्हणतंय? सगळे 'फियाट'च म्हणायचे. मूळ इटालियन फियाटवरून ती मुंबईत, कुर्ल्याच्या कारखान्यात बनत असे. पुढची सीट बाकासारखी सलग, गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच जोडलेला. आमच्या गाडीतला इंजिनाचं तापमान दाखवणारा काटा कधीच बंद पडला होता. म्हणून रोज सकाळी इंजिन गार असताना रेडिएटरचं झाकण उघडून पाणी बघायचं काम बाबांनी माझ्याकडे दिलं होतं. मी तेव्हा सातवीत जाणार होतो. केवढा भाव खायचो मी त्या कामाचा!

त्या मे महिन्यात आम्ही चिपळूणला आजोळी गेलो होतो. निघायच्या दिवशी सकाळी मी मागच्या अंगणात आंब्यांच्या पेटीत गवत भरत होतो. बाबांनी ओसरीवरून हाक मारली, "पाणी बघितलंस का रे?"

"हो बाबा," मी म्हणालो.

बघितलं नव्हतं.

कुंभार्ली घाट अर्धा चढलो आणि गाडीची ताकद एकदम गेली. बॉनेटमधून वाफांचे लोट निघाले. बाबा झाकण उघडायला धावले नाहीत, हे तुम्हीही लक्षात ठेवा. तापलेल्या रेडिएटरचं झाकण काढलं तर उकळतं पाणी तोंडावर उडतं. तासाभरानं उघडलं तर आत पाणी जवळजवळ नव्हतंच. तेलाची पट्टी बाहेर काढली, तर काळ्या तेलाऐवजी तिला दुधाळ चहासारखं काहीतरी लागलेलं. बाबांचा चेहराच उतरला. इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामध्ये एक पातळ गॅस्केट असतं. ते जळलं होतं आणि पाणी तेलात मिसळलं होतं. एका ट्रकवाल्यानं दोर बांधून आम्हाला कराडपर्यंत आणलं. मी मागच्या सीटवर गप्प बसून होतो. आईला वाटलं, घाट लागला असेल.

मिस्त्रींनी इंजिन खोललं आणि काम वाढतच गेलं. उष्णतेनं हेड वाकलं होतं, सिलिंडरवर ओरखडे पडले होते. ब्लॉक बोअर करायला आणि क्रँक घासायला कोल्हापूरला, उद्यमनगरात पाठवावा लागला. तिथे इंजिनांची कामं करणारी वर्कशॉपं गल्लोगल्ली आहेत. मग मोठ्या मापाचे पिस्टन येईपर्यंत थांबणं आलं. जून गेला, जुलै गेला. बाबा पावसात सायकलवरून कामावर जायचे. दिवाळीला घ्यायचा फ्रीज त्या वर्षी राहिला, तो राहिलाच. जेवताना कुणी गाडीचं नाव काढलं, की माझा घास घशात अडकायचा.

गणपतीच्या चार दिवस आधी मिस्त्रींनी किल्ली बाबांच्या हातात दिली. "साहेब, गाडी न्या आता. पण हजार किलोमीटर हानायची न्हाई. चाळीसच्या वर काटा जाता कामा नये."

का बरं? नव्यानं बोअर केलेला सिलिंडर आणि नव्या रिंगा आधी एकमेकींशी जुळाव्या लागतात. सुरुवातीला दोन्ही घासतात, धातूचा बारीक कीस तेलात उतरतो. म्हणून पहिलं तेलही पाचशे किलोमीटरलाच बदलायचं. याला म्हणतात 'रनिंग-इन'. मी एका पुठ्ठ्यावर 'नवे इंजिन, कृपया पुढे जा' असं ठळक अक्षरात लिहून मागच्या काचेला लावलं. एस.टी., टेम्पो, एवढंच काय, एक लुनासुद्धा आम्हाला मागे टाकून गेली!

पण हळू जाण्यात किती दिसतं म्हणून सांगू! कराडला कृष्णा आणि कोयना अगदी समोरासमोर येऊन भेटतात. तोच तो प्रीतिसंगम. तिथून निघालेला रस्ता पाटणमार्गे कोयनेच्या खोऱ्यातूनच वर जातो. महाबळेश्वराच्या डोंगरात उगम पावणारी ही नदी आधी दक्षिणेकडे धावते आणि हेळवाकजवळ एकदम पूर्वेकडे वळते. एरवी हे वळण मला कधी दिसलंच नव्हतं.

हेळवाकजवळच कोयनानगर. तिथलं धरण १०३ मीटर उंच आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे इथे मोठा भूकंप झाला आणि दीडशेहून जास्त माणसं दगावली. आई तेव्हा चिपळुणात होती. अंगणात काढलेली ती रात्र तिला आजही आठवते. धरणाची आणखी एक गंमत ऐका. कोयनेचं पाणी खरं म्हणजे कृष्णेबरोबर बंगालच्या उपसागराला जायचं. पण त्यातलं बरंचसं पाणी डोंगरातल्या बोगद्यांतून पश्चिमेकडे उतरवतात, त्यावर वीज तयार करतात आणि मग ते वाशिष्ठी नदीत सोडतात. म्हणजे ते पोहोचतं अरबी समुद्राला! सगळी केंद्रं मिळून या प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॉट आहे.

घाटमाथ्यावर धुकं होतं. बाबांनी गिअर खाली टाकला. "ज्या गिअरमध्ये घाट चढायचा, त्याच गिअरमध्ये उतरायचा. नुसत्या ब्रेकवर राहायचं नाही." दोन्ही बाजूंनी पाणी कोसळत होतं, कठड्यांवर शेवाळ चढलं होतं. आणि एका वळणावर मी ती जागा ओळखली. बाबांनीही ओळखली असावी. त्यांनी गाडी कडेला घेतली.

आम्ही दोघं खाली उतरलो. मी कठड्याकडे बघतच म्हणालो, "बाबा, मे महिन्यात त्या सकाळी मी पाणी बघितलंच नव्हतं."

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "होज पाइपला चीर होती, मिस्त्रींनी दाखवली मला. पाणी थेंब थेंब गळत होतं. ती चीर काही तू पाडली नाहीस."

मला हायसं वाटलं. पण त्यांचं बोलणं संपलं नव्हतं. "सकाळी झाकण उघडलं असतंस, तर पाणी कमी झालेलं दिसलं असतं. इंजिन वाचलं असतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत."

यापेक्षा एक धपाटा परवडला असता! आम्ही पुन्हा गाडीत बसलो. खाली पोफळी दिसू लागली. आई काही विचारत नव्हती.

गौरी-गणपती विसर्जन झाले. परतायच्या दिवशी मी अंधारातच उठलो. बॅटरी घेऊन बॉनेट उघडलं. झाकण काढलं, पाणी काठोकाठ होतं. तरीही बोट बुडवून पाहिलं. होज पाइपवरून हात फिरवला, कोरडा होता. मागे वळून बघतो तर बाबा ओसरीवर चहा पीत उभे. त्यांनी काहीच विचारलं नाही. मीच सांगितलं, "पाणी बघितलं."

"बरं," ते म्हणाले. "यापुढेही तूच बघायचं."

मिस्त्रींनी बसवलेला नवा काटा घाट चढताना मधोमध आला आणि तिथेच राहिला. त्या वळणावर आम्ही थांबलो नाही.

पद्मिनी आता बनत नाही. मुंबईतल्या तिच्या टॅक्सीसुद्धा २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या. कुंभार्ली मात्र पावसाळ्यानंतर अजूनही तसाच हिरवागार असतो. कधी गेलात, तर चालवणाऱ्याला थोडं हळू घ्यायला सांगा. आणि निघण्याआधी कुणी "बघितलंस का?" असं विचारलं, तर आधी जाऊन बघा, मगच "हो" म्हणा.