गुडघ्यातली दिंडी

नाम मुखात असते, टाळ हातात असतो. पण पंढरीला पोहोचवतात ते पाय. आमच्या सोलापूरहून पंढरपूर सुमारे 70 किलोमीटर. दोन फुटांचे पाऊल धरले, तरी लाखाहून अधिक पावले होतात. सपाट रस्त्यावरही दर पावलाला गुडघ्यावर देहाच्या वजनाच्या दोन-तीन पट भार येतो. तरी तो दुखेपर्यंत आपण त्याची विचारपूस करत नाही.

आमच्या सौ.ची वीस वर्षांची पायी वारी. दोन वर्षांपासून तिचा उजवा गुडघा दुखतो. एक्स-रे पाहून डॉक्टरांनी झीज झाल्याचे सांगितले आणि सांध्याचा नमुना हातात घेऊन एकेक भाग समजावला. ऐकताना मला दिंडीच दिसू लागली.

वरून मांडीचे हाड येते, खालून नडगीचे. वरच्याचे टोक गोलसर, खालच्याचा माथा जवळजवळ सपाट. गोल वस्तू सपाटीवर ठरावी कशी? म्हणून मध्ये चंद्रकोरीसारख्या दोन गाद्या आहेत. त्या भार वाटून घेतात. हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते. आतले दोन बंध फुलीसारखे एकमेकांना छेदतात आणि नडगीला पुढेमागे घसरू देत नाहीत. दोन बाजूंचे दोन बंध गुडघा आतबाहेर कलू देत नाहीत. पुढची वाटी मांडीच्या स्नायूंच्या दोरीत बसलेली असते. मोटेच्या चाकासारखी ती ओढ सोपी करते.

कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नाहीत. सांध्यातल्या वंगणातूनच तिला पोषण मिळते आणि ते हालचालीने आत झिरपते. म्हणून पाय कायमचा जागेवर ठेवणे हा काही उपाय नव्हे.

आणखी एक गोष्ट मला फार भावली. गुडघा पूर्ण सरळ झाला, की मांडीचे हाड नडगीवर किंचित फिरते आणि सांध्याला जणू कुलूप लागते. त्यामुळे दर्शनबारीत कमी श्रमात उभे राहता येते. पुढे नमस्काराला वाकताना ते कुलूप उघडतो गुडघ्यामागचा एक लहानसा स्नायू. विटेवरच्या समचरणांपुढे आपण वाकतो, तेव्हा पहिली सेवा त्याची.

“वारी चुकली तर पांडुरंग रागवेल का हो?” सौ.ने घरी आल्यावर विचारले. मी म्हणालो, “त्याला तुझे येणे हवे, तुझे कण्हणे कशाला हवे असेल?”

डॉक्टर म्हणाले होते, झिजलेली कूर्चा पहिल्यासारखी होत नाही. मांडीचे स्नायू मात्र साठीनंतरही बळकट करता येतात आणि ते सांध्याला सावरतात. आता ती रोज खुर्चीत बसून पाय सरळ करते, क्षणभर धरते, सावकाश खाली आणते. आकडे मोजत नाही, नाम घेते. यंदा ती एस.टी.ने जाईल आणि शेवटचा थोडा टप्पा दिंडीबरोबर चालेल.

माउलींनो, दुखणे दडवून चालण्यात भक्ती नाही. गुडघा सुजला, अडकला किंवा पाय टेकवेना, तर वेळीच दाखवावे. दिंडीत विणेकऱ्याला सारे नमस्कार करतात. पहाटे तंबू सोडणारे आणि पाणी भरणारे हात कुणाला दिसत नाहीत. मांडीचे स्नायू त्या हातांसारखे आहेत. वारीच्या आधी दोन-तीन महिने त्यांची सेवा करावी.

रामकृष्ण हरी.