मांजरपाटावरचा डाग

उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाल्यापासून माझ्या स्टुडिओतील दिव्याविषयी माझ्याच दोन डोळ्यांत तंटा उभा राहिला आहे. डावा, अजून जुन्या धुक्याआडून पाहणारा, सांगतो की दिव्याच्या पेटीच्या तोंडावर ताणलेले मांजरपाट कडेपर्यंत सारखे उजळले आहे. उजवा, नवे भिंग बसवलेला, त्याच कापडाच्या मध्यभागी ताटलीएवढा झगझगीत डाग दाखवतो, आणि डाव्याला जे पिवळसर भासते ते याला निळसर दिसते. दोन साक्षीदारांचा मेळ बसत नसेल तर निवाडा कोणी करावा?

पेटी कशी करावी हे सांगत बसण्यात अर्थ नाही. खोक्याच्या फळ्या, आतून चुन्याचे दोन हात, चिनी मातीचा होल्डर आणि सिमेंट ओतलेल्या डब्यात रोवलेला नळ, एवढी सामग्री माझ्या पिढीच्या प्रत्येक छायाचित्रकाराने कधी ना कधी जमवलेली आहे. सबब तो तपशील सोडून देतो. सुटला नाही तो डाग. दिवा कापडाजवळ घेतला की मध्य पेटतो, आणि हॅलोजनच्या दिवसांत तर कापडच करपू लागे. दिवा मागे सारला की डाग विरतो, परंतु अंतर दुप्पट होताच कापडावर पडणारा प्रकाश चौथाईवर येतो. आत दुसरे मलमल ताणावे तर उरलेल्यातलेही बरेच तेच खाते. दिव्याचे तोंड फिरवून प्रकाश चुन्यावरून परतवावा, तर तो इतका सौम्य होतो की चेहऱ्याची हाडे बेपत्ता होतात.

छायालेखक सुब्रत मित्र यांनी ‘अपराजितो’ या चित्रपटासाठी (१९५६) कलकत्त्याच्या स्टुडिओत उभारलेल्या काशीच्या घराच्या अंगणावर पांढरे कापड ताणले, आणि दिव्यांचा प्रकाश त्यावरून परतवून अंगणात आकाश उतरवले. त्या कल्पकतेपुढे मी नतमस्तक आहे. पण आकाशाला मध्य नसला तरी चालते, माझ्यासमोर बसणाऱ्याच्या गालाला मात्र तो हवा असतो. गोऱ्या कांतीवर चेहऱ्याची घडण सावलीच्या उतरणीतून वाचता येते, आणि परदेशी पुस्तके बहुतेक त्याच कांतीवर बेतलेली आहेत. सावळ्या चेहऱ्याची घडण वाचावी लागते ती त्याच्या तकाकीतून, आणि तकाकी म्हणजे त्वचेत पडलेले दिव्याचेच प्रतिबिंब. कापड सर्वत्र सारखे उजळले असेल, तर केसांना खोबरेल चोपडून आलेल्या माणसाच्या कपाळावर एक सपाट पत्रा चिकटतो. तेच मध्य किंचित उजळ आणि कडा मावळत गेलेल्या असतील, तर तकाकीही कडेला मावळत जाते आणि कपाळाला गोलाई येते. डाग नको, आणि डागावाचून चालतही नाही. या कात्रीत माझी उमेद खर्ची पडली.

हल्ली जिकडेतिकडे वर्तुळाकार दिवे आले आहेत. त्यांच्यापुढे बसलेल्या नववधूपासून नगरसेवकापर्यंत प्रत्येकाच्या बुबुळात एकसारखी बांगडी चमकते, आणि ती पाहून छायाचित्रकाराला लाज वाटत नाही, याचे मला नवल वाटते. बाजारात घडीची तयार पेटी मिळते आणि सुताराच्या मजुरीपेक्षा ती स्वस्तही पडते. तेव्हा काटकसरीची माझी सबब केव्हाच निकालात निघाली आहे. उरला तो अहंकार. मी कोल्हापूरचा, चित्रपटकार बाबूराव पेंटरांनी १९१८ साली दामल्यांच्या साहाय्याने आपला सिनेकॅमेरा याच गावात सिद्ध केला, आणि त्या पंक्तीत आपलेही पान मांडलेले आहे, असे मी मनोमन धरून चालतो. पानावर वाढलेले काय, ते कोणी विचारू नये.

गेल्या पावसाळ्यापासून हाताखाली एक मुलगी शिकते आहे. तिने माझ्या डोळ्यांचा तंटा ऐकून घेतला, खिशातून मीटर काढला, कापडाचा मध्य मोजला, कोपरे मोजले, आणि मध्यापेक्षा कोपरे निम्म्याने मंद आहेत असा अहवाल दिला. “काका, सारखं करून देऊ?” म्हणाली. मी नको म्हटले. पण तिथून दिवा बोटभर मागे, पुन्हा पुढे, असे करीत एका सावळ्या पोराचा गाल नीट उमटला तेव्हा तिने पुन्हा मोजणी घेतली आणि दिव्याच्या दांड्यावर नेलपॉलिशची लाल खूण करून टाकली. ज्या गोष्टीला मी नजर म्हणत आलो तिची आता दांड्यावर नोंद झाली आहे. उद्या मी नसलो तरी दिवा बिनचूक त्या जागी उभा राहील.

याचा मला आनंद व्हावयास हवा. तरीही गिऱ्हाईक खुर्चीवर बसले की मी उठतो, दिवा खुणेवरून किंचित मागे घेतो, मान वाकडी करून पाहतो, आणि पुन्हा नेमका खुणेवर आणून ठेवतो. मुलगी काही बोलत नाही. स्टुडिओ माझा आहे हे गिऱ्हाइकाच्या देखत सिद्ध झाल्यावाचून मला शटर दाबवत नाही.