पाण्याखालचा तास

मी मूळचा कारवारचा. त्यामुळे वर्गात समुद्राचा विषय निघाला, की एखादा विद्यार्थी हमखास विचारतो, "सर, तुम्ही पोहत पोहत किती लांब जाता?" मी हसतो आणि फळ्याकडे वळतो. समुद्रकाठी जन्मलेल्या प्रत्येकाला पोहता येतेच, असा इकडे घाटावर समज आहे. वस्तुस्थिती अशी, की आमच्या घराच्या पायरीवरून समुद्र दिसे, रात्री अंथरुणात त्याची गाज ऐकू येई. परंतु आईच्या धाकामुळे वयाच्या पस्तिशीपर्यंत मी गुडघ्याहून खोल पाण्यात पाऊल टाकले नव्हते.

गेल्या नाताळच्या सुट्टीत घरी गेलो असता भाच्याने हट्ट धरला, "मामा, नेत्राणीला जाऊ. पोहता येत नसले तरी पाण्याखाली नेतात." भाच्यासमोर भित्रा ठरणे मामाला परवडत नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही रेल्वेने मुरुडेश्वर गाठले. सायंकाळी देवदर्शन घेतले, मनगटाला लाल दोरा बांधून घेतला आणि पहाटे धक्क्यावर हजर झालो.

नेत्राणी हे मुरुडेश्वरच्या किनाऱ्यापासून सुमारे १९ किलोमीटर आत असलेले एक लहानसे, उंच कड्यांचे, झाडीने वेढलेले बेट. त्याच्या पायथ्याचे खडक पाण्यात खोल उतरत गेले आहेत आणि त्यांवर प्रवाळांची वस्ती आहे. होडी बेटाच्या आडोशाला नांगरली, तेव्हा पाणी इतके नितळ होते, की नांगराचा दोर बराच खोलवर दिसत होता. ते पाहून भाचा आनंदला. माझ्या मात्र पोटात गोळा आला.

आम्हांला शिकवणारा तरुण खारवी समाजातला, जेमतेम बावीस-तेवीस वर्षांचा होता. मी शिक्षक आहे, हे कळताच तो मला कोंकणीतून 'मास्तर' म्हणू लागला. त्याचा पाठ आटोपशीर होता. पाठीवरच्या नळकांड्यात प्राणवायू नसतो, आपली नेहमीचीच हवा दाबून भरलेली असते. ती तोंडातल्या नळीने घ्यावयाची आणि श्वास कधीही रोखून धरावयाचा नाही. खाली जाताना कान दुखू लागले, तर नाक चिमटीत धरून हलकेच फुंकावयाचे. बोलणे नाही, सारे खुणांनी. अंगठा व तर्जनी जुळवून वर्तुळ केले, तर 'ठीक आहे'. अंगठा वर केला, तर 'मला वर न्या'. आपण वर्गात ज्या खुणेने शाबासकी देतो, तिचा अर्थ पाण्याखाली असा फिरतो.

दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. तेथे छातीभर घेतलेला श्वास रोखून मनुष्य वर आला, तर ती हवा प्रसरण पावून फुप्फुसे फाडू शकते. बॉइलचा नियम मी शाळेत घोकला होता. मी कलाशाखेकडे वळल्यावर तो विसरलोही होतो. त्या नियमाशी प्राणाची गाठ आहे, हे त्या होडीत कळले. १९४३ साली फ्रान्समध्ये जाक-ईव्ह कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी जे श्वसनयंत्र सिद्ध केले, त्याची करामत हीच, की ते भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाने, मागाल तेवढी हवा पुरविते.

हे सारे समजले होते. तरीही पाण्याखाली दोन मीटर जातो न जातो, तोच कानांत कळ आली, चष्म्यात पाणी शिरले, आणि क्षणभर श्वास घ्यावा कसा हेच विसरलो. मी जिवाच्या आकांताने अंगठा वर केला.

वर येऊन दोराला लोंबकळत राहिलो. भाचा केव्हाच खाली गेला होता. होडीतून एक सहप्रवासी मोठ्याने म्हणाला, "अहो, घाबरता काय? काही होत नाही!" त्याचा हेतू चांगलाच होता. परंतु ते शब्द ऐकताच मी चमकलो. ते शब्द माझे होते.

तीन वर्षांपूर्वी आपल्या शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत नववीतला एक मुलगा व्यासपीठावर चढला आणि पहिल्या वाक्यानंतर थांबला. पाठांतर चोख होते. मीच करून घेतले होते. मी पहिल्या रांगेतून ओरडलो, "अरे, घाबरतोस काय? बोल!" सारे सभागृह हसले. तो खाली उतरला तो पुन्हा कधी वर चढला नाही. मी त्याची गणना भित्र्यांत करून मोकळा झालो होतो.

तो खारवी तरुण माझ्याजवळ पोहत आला. रागावला नाही, हसलाही नाही. दोर धरून शेजारी राहिला आणि म्हणाला, "सवकास, मास्तर, सवकास. वेळ आसा." माझा श्वास संथ होईपर्यंत तो खरोखरच थांबला. मग दोराला धरून आम्ही हातहात उतरलो. प्रत्येक टप्प्यावर तो माझ्या डोळ्यांत पाही, बोटांचे वर्तुळ करी, आणि माझे वर्तुळ दिसल्याखेरीज पुढे सरकत नसे.

आठ मीटरांवर आम्ही स्थिरावलो. सूर्यप्रकाशातला तांबडा रंग पाण्यात प्रथम लोपतो. माझ्या मनगटावरचा लाल दोरा काळपट दिसत होता. आजवर ज्याची ओळख केवळ ताटात झाली होती, तो गोबरा कपारीतून गृहस्थासारखा आमच्याकडे पाहत होता. पोपटमासे चोचीने खडक कुरतडत होते आणि तो कुरकुर आवाज स्पष्ट ऐकू येत होता. खडकाचा तो चुरा त्यांच्या पोटातून पुढे वाळू होऊन बाहेर पडतो. बाकी सर्वत्र माझ्याच श्वासाचा ध्वनी. दिवसाला सहा तास बोलणारा मी वीस-पंचवीस मिनिटे निःशब्द होतो आणि आयुष्यात प्रथमच नुसता पाहत होतो.

परतीच्या वाटेवर भाचा माशांची नावे मोजीत होता. माझ्या डोळ्यांपुढे मात्र तो मुलगा उभा होता. तोही त्या दिवशी पाण्याखालीच होता. मी काठावरून ओरडत होतो.

यंदा स्पर्धेपूर्वी मी मुलांना एकेकटे रिकाम्या सभागृहात नेले. ती व्यासपीठावर चढली, तेव्हा मी पहिल्या रांगेत बसलो नाही, शेजारी उभा राहिलो. दोघीजणी अडखळल्या, आम्ही थांबलो, दोघींनीही भाषण पुरे केले. बक्षीस कुणालाच मिळाले नाही, आणि त्याचे मला वाईट वाटले नाही.

तो मुलगा मात्र दहावी होऊन शाळेबाहेर पडला आहे. आपले वार्षिक अजून त्याच्या घरी जाते, असे ऐकतो. त्या दिवशी मी त्याला जे म्हणावयास हवे होते, ते त्या खारवी तरुणाकडून मी फार उशिरा शिकलो. म्हणून ते आज, या पानावरून, त्याला म्हणतो: सावकाश, बाळ. वेळ आहे. चूक माझी होती.